शैलीची निवड



१९१५ च्या सुमारास दादासाहेब फाळके यांनी ‘आगकाड्यांची मौज’ हा लघुपट निर्मिला. काडी किंचित सरकवून एकेक चौकट टिपली, की पडद्यावर काड्या आपणहून चालू लागत. हाती असलेल्या साधनातूनच शैली सिद्ध झाली.

मुंबईत उपयोजित कला शिकलेल्या गीतांजली राव यांच्या ‘प्रिंटेड रेनबो’ (२००६) या १५ मिनिटांच्या चलत्‌चित्रपटात एकाकी वृद्धेचे घर करडे आहे. तिच्या काडेपेट्यांवरील चित्रांत मात्र रंग ओसंडतात. तिचे एकटेपण ही रंगयोजनाच सांगते. कान महोत्सवाच्या समीक्षक सप्ताहात हा चित्रपट गौरवला गेला.

आज बसवनगुडीतील एखादी विद्यार्थिनी स्वतःची चित्रमालिका करू पाहते, तेव्हा जपानी वा अमेरिकी घाट तिला आयता मिळतो. तो घेण्यापूर्वी तिने पाहावे, की कथेला तो मानवतो काय आणि आपल्या हाताला झेपतो काय. सेकंदाला १२ चित्रे धरली, तरी मिनिटाला ७२० रेखाटावी लागतात. आजीच्या ठिपक्यांच्या रांगोळीची रेषा आणि कडलेकाई परिषेतील शेंगांच्या राशींचा रंग तिच्या परिचयाचा आहे. पालकांनी ती वही कौतुकाने पाहावी. तिला घाई करू नये.