ऐकणे हाही अभ्यासच
(पालक मेळाव्यात दिलेले भाषण)



आजचा विषय पॉडकास्ट. हा रेडिओसारखाच ऐकण्याचा कार्यक्रम. मात्र रेडिओचा कार्यक्रम ठरल्या वेळी लागतो आणि निघून जातो; पॉडकास्ट फोनमध्ये उतरवून ठेवता येतो, मध्येच थांबवता येतो, पुन्हा ऐकता येतो. बेन हॅमर्स्ली या ब्रिटिश पत्रकाराच्या २००४ सालच्या लेखात हा शब्द छापून आला आणि पुढे तोच रूढ झाला.

शाळेला याचा उपयोग काय? आपल्या पुष्कळ मुलांच्या घरची बोली एक आणि पाठ्यपुस्तकाची भाषा दुसरी. शब्द वाचता येतो, पण त्याचा उच्चार कानावरून गेलेला नसतो. त्यामुळे उत्तर ठाऊक असूनही मूल वर्गात उभे राहत नाही. हसू होईल ही भीती! शिक्षकांना पाच वेळा विचारण्याचा संकोच वाटतो. ध्वनिमुद्रण पाच वेळा ऐकण्यात संकोच कसला?

परंतु नुसते ऐकवले म्हणजे शिकवले, असे नव्हे. १९५६ साली आकाशवाणीच्या पुणे केंद्राने युनेस्कोच्या साहाय्याने सुमारे १५० गावांत शेतकऱ्यांची श्रोतामंडळे चालविली. शेतकरी एकत्र बसून कार्यक्रम ऐकत आणि मग त्यावर चर्चा करीत. त्या प्रयोगाचे मर्म या चर्चेत होते. वर्गातही तेच करावे. आधी फळ्यावर दोन प्रश्न लिहावेत. पाच-सात मिनिटांचाच भाग लावावा. मध्ये थांबवून "पुढे काय होईल?" असे विचारावे. शेवटी प्रत्येकाने पाच ओळी लिहाव्यात. ज्यांना कमी ऐकू येते, त्यांच्या हाती तोच मजकूर लिहून द्यावा.

याहून मोठा लाभ मुलांनी स्वतः कार्यक्रम तयार करण्यात आहे. दादी-नानीला विचारा : तुमच्या लहानपणी पाणी कुठून आणीत? शाळा किती लांब होती? प्रश्न आधी लिहून काढा, त्यांची परवानगी घ्या, मग फोनवर मुद्रित करा. स्वतःचा आवाज ऐकला की उच्चारातील उणीव मुलाला आपोआप कळते. आणि जिला शाळेचे तोंड पाहता आले नाही, ती नानी नातीच्या अभ्यासात शिक्षिका होते.

आता पालकांची शंका. "फोन देऊ नका, असे तुम्हीच सांगता, मग हे काय?" शंका रास्त आहे. म्हणून फोन मुलाच्या हाती न देता आपल्याजवळच ठेवा. तो पालथा ठेवून सर्वांनी मिळून ऐका. दहा मिनिटांचे ध्वनिमुद्रण साधारण ५ ते १० एमबीत मावते. चित्रफितीला त्याहून कितीतरी अधिक डेटा लागतो. घरात एकच फोन असेल, तर मुलाइतकाच मुलीलाही त्यावर हक्क द्या. आणि बोलणारा जे सांगतो ते सर्व खरेच असते असे नाही; पुस्तकाशी, शिक्षकांशी ताडून पाहण्याची सवय लावा.

विद्यार्थी मित्रांनो, पॉडकास्ट पुस्तकाची जागा घेणार नाही. तो पुस्तकापर्यंत नेणारी पायवाट आहे. पालकांनो, रोज रात्री दहा मिनिटे मुलांबरोबर ऐका आणि ऐकून झाल्यावर एकच प्रश्न विचारा, "तुला काय कळले?" ते उत्तर मात्र पूर्ण ऐकून घ्या, एवढीच विनंती करून मी आपली रजा घेतो.