दादासाहेब गायकवाड आणि सातबाऱ्याचा प्रश्न
(१५ ऑक्टोबर रोजी संस्थेच्या कार्यक्रमात केलेले भाषण)



आज कर्मवीर दादासाहेब गायकवाड यांची जयंती. १४ ऑक्टोबरच्या दुसऱ्याच दिवशी ती येते, म्हणून आपल्या नागपुरात ती अनेकांच्या लक्षातही राहत नाही. पण ज्या रिपब्लिकन पक्षाची स्थापना ३ ऑक्टोबर १९५७ रोजी याच शहरात झाली, त्या पक्षाला खेड्यातल्या शेतमजुरापर्यंत नेणारा हा नेता होता.

भाऊराव कृष्णराव गायकवाड यांचा जन्म १९०२ साली नाशिक जिल्ह्यातील दिंडोरी तालुक्यात आंबे या गावी झाला. २ मार्च १९३० रोजी काळाराम मंदिराचा सत्याग्रह सुरू झाला. त्याच वर्षी बाबासाहेब गोलमेज परिषदेसाठी लंडनला गेले. मागे लढा चालू ठेवण्याची जबाबदारी दादासाहेबांनी पेलली, तुरुंगवासही भोगला. १९३७ मध्ये ते स्वतंत्र मजूर पक्षातर्फे मुंबई विधानसभेत निवडून आले. पुढे १९५७ ते १९६२ लोकसभेत आणि १९६२ ते १९६८ राज्यसभेत ते होते. १९६८ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली.

पण मित्रहो, पदांची यादी वाचून दादासाहेब कळत नाहीत. ते कळतात जमिनीच्या लढ्यातून. १९५९ मध्ये त्यांनी भूमिहीनांचा सत्याग्रह उभा केला. पक्षातील काही सुशिक्षित मंडळींना हा मार्ग पसंत नव्हता. घटनात्मक मार्ग की रस्त्यावरचा लढा, यावरून पक्षात फूटही पडली. धोतर नेसणारे दादासाहेब मात्र शेतमजुरांमध्येच राहिले. ६ डिसेंबर १९६४ पासून देशभर सत्याग्रह झाला आणि लाखो लोक तुरुंगात गेले. त्यात आपल्या मायमाउल्याही होत्या.

त्या वेळच्या मागण्या आठवा. संसदेच्या मध्यवर्ती सभागृहात बाबासाहेबांचे तैलचित्र लावा. बौद्धांना सवलती द्या. पडीक जमीन भूमिहीनांना द्या. यांपैकी तैलचित्र १९९० मध्ये लागले. बौद्धांच्या सवलतींचा कायदाही १९९० मध्येच झाला. म्हणजे त्यासाठी सव्वीस वर्षे लागली. जमिनीची मागणी मात्र अजून पुरी झालेली नाही.

मी बँकेत कारकून आहे. पीककर्जासाठी कोणी आले की पहिला प्रश्न असतो, "सातबारा आणला का?" ज्याच्या नावावर सातबारा नाही, त्याची फाईल तिथेच थांबते. तो मग सावकाराकडे जातो, नाहीतर मुलाला शाळेतून काढून कामाला लावतो. जमीन म्हणजे नुसते पीक नव्हे, ती गावातली पत असते. ज्याचे पोट मालकाच्या शेतावर अवलंबून, त्याने त्याच मालकासमोर ताठ मानेने कसे उभे राहावे? दादासाहेबांना हे नेमके कळले होते.

त्यांच्या नावाने राज्य शासनाची सबलीकरण व स्वाभिमान योजना २००४ पासून आहे. दारिद्र्यरेषेखालील भूमिहीन अनुसूचित जाती व नवबौद्ध कुटुंबाला चार एकर जिरायती किंवा दोन एकर बागायती जमीन द्यायची, अशी ती योजना. आधी निम्मी रक्कम कर्ज होती, २०१८ पासून पूर्ण अनुदान झाले. पण जमीन विकत घेऊन द्यायची, तर विकणारा पुढे यावा लागतो आणि अर्ज करणाऱ्याला योजना माहीत असावी लागते. पहिली गोष्ट आपल्या हातात नाही. दुसरी नक्कीच आहे.

आपण नोकरीवाले शहरात स्थिरावलो ते बाबासाहेबांमुळे आणि दादासाहेबांसारख्यांनी सोसलेल्या तुरुंगवासामुळे. आपले चुलते, मामा, आतेभाऊ अजून गावात मजुरीला जातात. विद्यार्थी मित्रहो, दिवाळीच्या सुट्टीत गावी जाल, तेव्हा भूमिहीन घरांची यादी करा. योजनेचा अर्ज समजावून सांगा, जातीचा दाखला आहे का ते पाहा, समाजकल्याण कार्यालयापर्यंत सोबत जा. भाषणांपेक्षा एका घराच्या नावावर चढलेला सातबारा हेच दादासाहेबांना खरे अभिवादन ठरेल.