गरीब कोण, हे कसे ठरते?
(मंडळाच्या वर्धापनदिनी वसमत येथे झालेले भाषण)



गरिबाला मदत करावी, याविषयी कोणाचे दुमत नाही. अडते ते पुढेच. गरीब म्हणायचे कोणाला? सरकारजवळ याचे उत्तर म्हणजे यादी. यादीत नाव नसेल, तर घरची चूल पेटो वा न पेटो, सरकारच्या लेखी ते घर गरीब नव्हे.

१ मे १९९९ रोजी आपला हिंगोली जिल्हा झाला. त्याच दिवसापासून राज्यात पिवळ्या, केशरी व पांढऱ्या शिधापत्रिका आल्या. वर्षाची मिळकत १५,००० रुपयांपर्यंत असेल त्याला पिवळी. पण हळदीच्या काढणीला रोजाने जाणाऱ्या बाईची वर्षाची मिळकत कोणत्या वहीत लिहिलेली असते? म्हणून २००२ च्या पाहणीत खेड्यापाड्यांतून १३ प्रश्न विचारले आणि प्रत्येकाला ० ते ४ गुण दिले. जमीन किती, घर कसे, कपडे किती, घरात शिकलेले कोण? गुण जितके कमी, तितके घर गरीब. यातली गोम पाहा. विधवेने काबाडकष्ट करून मुलाला मॅट्रिक केले, की तिचे गुण वाढत!

पुढे २०१३ चा अन्नसुरक्षा कायदा आला. त्याने प्राधान्य कुटुंबाला माणशी महिना ५ किलो आणि अंत्योदय कुटुंबाला ३५ किलो धान्याचा हक्क दिला. घरातली अठरा वर्षांवरील सर्वांत वडील स्त्री हीच शिधापत्रिकेवर कुटुंबप्रमुख, असेही त्यात लिहिले आहे. ही गोष्ट लहान नाही.

तरीही नावे सुटतात. ऊसतोडीला गेलेल्या घराला कुलूप असते. पाहणीवाला पुढे जातो. नवऱ्याने टाकलेल्या बाईचे नाव सासरच्या पत्रिकेवरच राहते. तिच्या वाट्याचे धान्य तिकडे, आणि ती इकडे माहेरी भावाच्या दारात.

रोजगार हमीची रीत निराळी. जो कामावर येईल तो गरजू, यादीच नको. पण म्हाताऱ्या, आजारी बाईने खडी कशी फोडावी? तिला यादीवाचून गती नाही.

तेव्हा भगिनींनो, एवढे आपण करू या. प्रत्येकीने आपल्या गल्लीतली दहा घरे पाहावीत. रेशन दुकानाची यादी वाचून घ्यावी. जिचे नाव सुटले, तिच्याबरोबर तहसील कचेरीत जाऊन अर्ज द्यावा. हळदीकुंकवाच्या निमित्ताने आपण घरोघर जातोच. पण कुंकू लावायला ज्या दारी आपण जात नाही, त्या दारी आधी जाऊ या. सुटलेले नाव बहुधा तिथेच सापडेल.