दारफाळणीचा सण आणि खुनी माणूस
(क्लेमेंटी येथील घरगुती मेळाव्यात केलेले भाषण)



दारफाळणीचा सण जवळ आला की एक प्रश्न मनात येतो : खुनी माणसाला तारण आहे काय? मिश्ना सांगते की, माणसाने माणसाचा केलेला अपराध योम किप्पूरच्या उपासाने फिटत नाही. दुखावलेल्याची समजूत काढावी लागते. पण ज्याचा जीवच घेतला, त्याची समजूत कशी काढावी? त्याच्या वतीने क्षमा करण्याचा अधिकार आपणांस नाही.

तरीही त्याच दिवशी आपण योनाचे पुस्तक वाचतो. परमेश्वराने निनवेकरांचे गोणपाट व उपास नव्हे, तर त्यांची कृती पाहिली, असे आपले ज्ञाते सांगतात.

अशा कृतीला वाव देणारा प्रयोग आपल्या महाराष्ट्रातच झाला. १९३९ साली औंध संस्थानात, आटपाडीजवळ, स्वतंत्रपूर ही कैद्यांची मुक्त वसाहत उभी राहिली. तिच्यामागे मॉरिस फ्रीडमन या पोलंडमध्ये जन्मलेल्या यहुदी अभियंत्याची प्रेरणा होती. खुनाची शिक्षा भोगणारे कैदी तेथे कुटुंबासह राहून शेती करीत. व्ही. शांताराम यांचा ‘दो आँखें बारह हाथ’ (१९५७) त्यावरूनच स्फुरला. आपल्या सिंगापुरातही २००४ पासून ‘यलो रिबन’ उपक्रम सुटलेल्या कैद्यांना पुन्हा समाजात उभे राहण्यास साहाय्य करतो.

रुग्ण अपराधी की निरपराध, हे न विचारता परिचर्या करणे हा आम्हां परिचारिकांचा धर्म. परंतु परिचर्या म्हणजे क्षमा नव्हे. मृताची क्षमा आपण वाटू नये. मात्र उरलेले आयुष्य भरपाईत घालवू इच्छिणाऱ्याची वाटही अडवू नये.