शिमगा : थंडीची पाठवणी



माथेरान म्हटलं की आठवते मिनी ट्रेन, आठवतात घोडे.
आज मात्र आपण डोंगराच्या पायथ्याशी जाऊ.
कर्जत-खालापूरच्या ठाकर आणि कातकरी वाड्यांमध्ये.

फाल्गुन लागला, की इथली हवा बदलते.
पहाटे गोधडी सोडवत नाही.
दुपारी मात्र सावली शोधावी लागते.
पळस फुलतो. पांगारा फुलतो.
काटेसावरीवर तर पान नाही, नुसती फुलंच फुलं!

शिमगा जवळ आला.
शिमगा म्हणजे थंडीची पाठवणी.



तो येतो फाल्गुनी पौर्णिमेला.

त्या रात्री होळी पेटते. मधोमध झाडाची फांदी.
भोवती गवत, पेंढा, लाकडं.
नारळ, नैवेद्य, आणि मग बोंब!
एरवी पोरांनी बोंब मारली, तर आई रागावते.
त्या रात्री तीच हसते.

याच दिवसांत शेतातही धूर दिसतो.
ती होळी नव्हे, तो राब.
भाताचं रोप जिथं करायचं, तिथं पाला, गवत, शेण पसरून पेटवतात.
तण जळतं. राख मातीला मिळते.
पाऊस अजून लांब आहे, पण भाताची तयारी सुरू झाली!

म्हणून पुन्हा सांगते, शिमगा म्हणजे थंडीची पाठवणी.

पौर्णिमेला माथेरानात असाल, तर अंधार पडल्यावर कड्यापासून जरा मागे उभे राहा.
आणि खाली वाड्यांकडे बघा.