दुरुस्ती आणि वाचन



ज्यांच्या स्मृतिप्रीत्यर्थ ही व्याख्यानमाला चालते, त्यांचे नाव घेऊन बोलण्याचे धाडस मला पंचाहत्तरीतही होत नाही. म्हणून मी त्यांना गुरुजीच म्हणेन. ते आम्हाला विज्ञान शिकवीत. मी मात्र आयुष्यभर मराठी शिकवली. तेव्हा मी एखाद्या संतकवीवर बोलेन अशी चालकांची अपेक्षा असणार. तो विषय येईलच. पण त्याच्याकडे मी गुरुजींच्या मलकपेठेतील ओसरीवरून जाणार आहे. त्या ओसरीवर एक टेबल होते आणि त्या टेबलावर कोणाचा ना कोणाचा उघडा रेडिओ असे.

आजच्या मुलांना त्या काळच्या रेडिओचे महत्त्व सांगावे लागेल. आपल्या शहराला नभोवाणीची ओळख लवकर झाली. निजामाच्या राजवटीतील ‘डेक्कन रेडिओ’ १९३५ मध्ये सुरू झाला आणि १९५० मध्ये आकाशवाणीत विलीन झाला. पुढे १ नोव्हेंबर १९५६ रोजी भाषावार प्रांतरचना झाली, मराठवाडा मुंबई राज्यात गेला आणि आम्ही मराठी माणसे मुसीच्या काठी राहिलो. रात्री जेवणे उरकली की वडील काटा हळूहळू फिरवीत मुंबईचे केंद्र शोधीत. खरखरीतून एखादे मराठी वाक्य कानी पडले की घर स्तब्ध होई. रेडिओ बिघडला म्हणजे आमच्यापुरता महाराष्ट्रच बंद पडे. रेडिओ ठेवण्यासाठी तेव्हा टपाल कचेरीतून परवाना काढावा लागे आणि यंत्राची किंमतही नोकरदाराच्या आवाक्याबाहेरची असे. त्यामुळे ते टाकून देण्याचा विचारच कोणाच्या मनात येत नसे.

गुरुजी दुरुस्तीचे पैसे घेत नसत. नवा सुटा भाग लागला तर तेवढी किंमत घेत. ती वस्तू आणायला चादरघाटचा पूल ओलांडून कोठीच्या गुजराती गल्लीत जायचे, किंवा गुरुवारी जुमेरात बाजारात जुन्या सामानाच्या ढिगाऱ्यात शोधायचे. मी नववीत त्यांच्या मागे पिशवी घेऊन हिंडू लागलो. पहिली अक्षरओळख त्यांनी करून दिली ती रंगांची. रोधावर रंगीत पट्टे असतात. काळा म्हणजे शून्य, तपकिरी एक, तांबडा दोन, नारिंगी तीन, पिवळा चार, हिरवा पाच, निळा सहा, जांभळा सात, राखी आठ, पांढरा नऊ. पहिले दोन पट्टे आकडे सांगतात, तिसरा पुढची शून्ये. पिवळा, जांभळा, तांबडा असे ओळीने आले की चार हजार सातशे ओहम. मी बाराखडीनंतर शिकलेली ती दुसरी लिपी.

मग शिस्त. आत हात घालण्यापूर्वी वायर भिंतीतून काढायची आणि तरीही यंत्र मेले असे समजायचे नाही. कंडेन्सरमध्ये विजेचा साठा राहतो, तो आधी रिकामा करायचा. चालू यंत्रात मोजमाप करताना डावा हात खिशात ठेवायचा, म्हणजे एका हातातून दुसऱ्या हातात वीज छातीवरून जाणार नाही. डाख लावताना आधी जोड तापवायचा आणि डाख त्या तापलेल्या जोडावर वितळू द्यायचा. सोल्डरिंग आयर्नच्या टोकावर थेंब घेऊन तो जोडावर ठेवला तर वरून जोड दिसतो, आतून तो धरत नाही. राळेचा धूर टेबलावर दरवळे. गुरुजी म्हणत, “चकाकतोय ना बघ. काळवंडलेला, दाणेदार जोड आज बोलेल, उद्या गप्प बसेल.”

आता मला एक गोष्ट सांगायची आहे. ती मी साठ वर्षे कोणाला सांगितलेली नाही.

१९६४ चा मे महिना होता. आमच्या गल्लीत एक वयस्क हकीमसाहेब राहत. त्यांच्याकडे हिरव्या डोळ्याचा मोठा व्हॉल्व्हचा रेडिओ होता. केंद्र नेमके लागले की त्या डोळ्याची हिरवी पापणी मिटत येई. संध्याकाळच्या बातम्यांना निम्मी गल्ली त्यांच्या ओट्यावर जमे. तो रेडिओ घरघरू लागला म्हणून गुरुजींकडे आला. वीज गाळणारा कंडेन्सर वाळला आहे हे गुरुजींनी ऐकूनच ओळखले. नवा आणण्यासाठी ते कोठीला गेले आणि मला म्हणाले, “तू नुसता बघत बस.”

मी बघत बसलो. आत ॲल्युमिनियमच्या चौकोनी डब्या होत्या. त्यांच्या भोकांतून लहान स्क्रू दिसत होते. काही वर आलेले, काही आत गेलेले, त्यांवर मेणाचा थेंब. मला वाटले, हे सैल झाले आहेत. मी पेचकस घेतला आणि सगळे नीट घट्ट करून टाकले. आपण मदत केली या समाधानात मी घरी गेलो.

जाणकारांच्या अंगावर आता काटा आला असेल. रेडिओत येणाऱ्या प्रत्येक केंद्राच्या लहरींचे एका ठरलेल्या मधल्या कंपनसंख्येत रूपांतर होते. ती बहुधा ४५५ किलोसायकल असते. त्या डब्यांतील वेटोळी नेमकी त्या संख्येला जुळवलेली असतात आणि ते स्क्रू म्हणजे त्या जुळणीच्या खुंट्या. गवयाने लावलेल्या तंबोऱ्याच्या खुंट्या एखाद्या पोराने ‘सैल आहेत’ म्हणून आवळाव्यात, तसे मी केले होते.

नवा कंडेन्सर बसला, घरघर गेली, पण केंद्रेही गेली. गुरुजींनी डब्यांकडे पाहिले. मेण फुटलेले त्यांना दिसले असलेच पाहिजे. ते माझ्याकडे वळले नाहीत. हकीमसाहेब चौकशीला आले तेव्हा ते एवढेच म्हणाले, “हकीमसाब, गलती मेरे हाथ से हुई. दो-चार दिन लगेंगे.” मी दाराआड उभा होतो. पुढे होऊन खरे सांगणे दोन पावलांचे काम होते. ती दोन पावले मी टाकली नाहीत.

त्या दोन-चार दिवसांतच २७ मे उजाडला. दुपारी पंडित नेहरू गेल्याची बातमी आली. दुकाने बंद होऊ लागली. मी कोपऱ्यावरच्या इराणी हॉटेलापाशी गेलो तेव्हा दाराबाहेरच्या गर्दीत हकीमसाहेब काठी टेकून उभे होते. एक हात कानामागे धरून ते आतला रेडिओ ऐकण्याचा प्रयत्न करीत होते. ज्यांच्या ओट्यावर गल्ली बातम्या ऐकत असे, ते त्या दिवशी रस्त्यावर उभे होते, आणि ते कोणामुळे हे मला ठाऊक होते.

गुरुजींनी ती जुळणी कोणत्याही महाग उपकरणाशिवाय केली. बांबूची काडी तासून तिचा पेचकस केला, कारण लोखंडी पाते जवळ नेले की वेटोळ्याची जुळणी बदलते. हात काढला की पुन्हा बिघडते. एक बळकट केंद्र धरून, हिरव्या डोळ्याकडे पाहत, शेवटच्या डबीपासून मागे मागे येत ते एकेक स्क्रू पाव फेऱ्याने फिरवीत. तीन संध्याकाळी गेल्या. शेवटी डोळा मिटला. मग त्यांनी मला एक कोरी वही दिली आणि म्हणाले, “उघडण्यापूर्वी जसे आहे तसे यात काढून ठेवत जा. आणि बाळ, जे कळत नाही ते घट्ट करू नये.”

त्यांना ठाऊक होते. मला बोलण्याची ती दुसरी संधी होती. मी वही घेतली आणि मान खाली घातली.

मित्रहो, ती वहीच पुढे माझ्या पीएच. डी.ला उपयोगी पडली असे म्हटले तर अतिशयोक्ती होणार नाही. एका मध्ययुगीन पोथीच्या संपादनात मला एक शब्द सतत अडे. तो अर्थाला जुळत नव्हता. एक अक्षर बदलले की ओळ स्वच्छ होई. लेखणी उचललीही होती. तेवढ्यात फुटलेले मेण आठवले. मी शब्द तसाच ठेवला आणि शंका तळटीपेत नोंदवली. काही वर्षांनी दुसरी प्रत हाती आली. तिच्यातही तोच शब्द होता. तो लेखकाच्या मुलखातला बोलीशब्द होता. सैल होते ते माझे ज्ञान.

आपल्या भाषेतील दुरुस्तीचा सर्वांत मोठा दाखला पैठणचा आहे. शके १५०६ मध्ये, म्हणजे इ. स. १५८४ च्या सुमारास, एकनाथांनी ज्ञानेश्वरीची प्रत शुद्ध केली. तीन शतकांच्या नकलांमध्ये तिच्यात अपपाठ शिरले होते. नाथ स्वतः थोर कवी. बिघडलेल्या जागी आपली ओवी घालणे त्यांना किती सोपे होते! त्यांनी प्रती ताडून पाहिल्या, मूळ पाठ शोधला आणि यात आपली ओवी कोणी मिसळू नये असे पुढच्यांनाही बजावले. ज्याची वस्तू त्याची राहू द्यायची, आपली सही तिच्यावर करायची नाही, हा दुरुस्ती करणाराचा धर्म मला गुरुजींच्या टेबलावर आणि नाथांच्या कार्यात एकच दिसतो.

गुरुजींच्या काळानंतर बरेच बदलले. व्हॉल्व्ह गेले, ट्रान्झिस्टर आले. १९६७ साली आपल्याच शहरात ईसीआयएल ही इलेक्ट्रॉनिक्सची सरकारी कंपनी स्थापन झाली. पुढे असे नाजूक तुकडे आले की कोरड्या हवेत अंगावर साठलेल्या विजेनेही ते निकामी होतात. त्यांना शिवण्यापूर्वी जमिनीशी जोडलेल्या धातूला हात लावावा लागतो. आजच्या मोबाइलमधील रोध एक मिलिमीटर लांब आणि अर्धा मिलिमीटर रुंद असू शकतो. त्यावर रंगांचे पट्टे मावत नाहीत. चिमटा आणि भिंग लागते. कोठीला अशी कामे करणारी तरुण मुले मी पाहिली आहेत. त्यांचे हात गुरुजींना आवडले असते.

पण एक बदल मला बोचतो. पूर्वी यंत्राला स्क्रू असत. आता पुष्कळदा गोंद असतो. पुष्कळ जुन्या रेडिओंच्या आत मंडलाचा नकाशा चिकटवलेला असे, म्हणजे बनवणाराच दुरुस्त करणाराला पत्र लिहून ठेवी. आता ते पत्र मिळत नाही. या विरोधात जगभर आवाज उठला आहे. आपल्या केंद्र सरकारनेही डिसेंबर २०२२ मध्ये ‘दुरुस्तीच्या हक्का’साठी संकेतस्थळ सुरू केले. हक्क मिळाला पाहिजेच. मात्र हक्काबरोबर ती वहीही हवी. उघडण्याचा अधिकार ज्याला हवा, त्याने आत जे आहे ते आधी वाचले पाहिजे.

या शाळेला माझी एक विनंती आहे. प्रयोगशाळेच्या कोपऱ्यात एक टेबल मांडावे. बिघडलेली, विजेपासून तोडलेली छोटी यंत्रे त्यावर ठेवावीत. दूरचित्रवाणीची जुनी चित्रनळी मात्र नको, तिच्यात हजारो व्होल्ट दबा धरून असतात. शिक्षक जवळ असावेत. आणि प्रत्येक मुलाला एक कोरी वही द्यावी. तिची पहिली खेप मी आणली आहे. ती मुख्याध्यापकांच्या स्वाधीन करतो.

हकीमसाहेब गेले, गुरुजीही गेले. त्या दोघांना जे सांगायचे होते ते आज मी तुमच्यासमोर सांगितले. उशीर फार झाला आहे, हे मला कळते. मुलांनो, तुमच्या हातून एखादा स्क्रू चुकून आवळला गेला, तर तुम्ही त्याच संध्याकाळी सांगा. यंत्र दुरुस्त करायला तीन दिवस लागतात; न सांगितलेल्या गोष्टीला साठ वर्षे लागली.