कराराचं भिजत घोंगडं

हॉकी म्हटलं की आपल्याला ध्यानचंद आठवतात. पण आज मी बोलणार आहे ते अमेरिका आणि कॅनडातल्या बर्फावरच्या हॉकीबद्दल. तिथल्या नॅशनल हॉकी लीगमध्ये एक दुखणं दरवर्षी कुठल्या ना कुठल्या संघाला होतंच. संघाचा सर्वांत मोठा खेळाडू, त्याचा करार संपत आलेला, आणि नवा करार काही होत नाही.

तुम्ही म्हणाल, पैशांचा प्रश्न त्याचा आणि मालकांचा, बाकीच्यांना त्याचं काय? इथेच गोम आहे. या लीगमध्ये प्रत्येक संघाच्या एकूण पगारावर कमाल मर्यादा असते. २०१८-१९च्या हंगामात ती ७ कोटी ९५ लाख डॉलर होती. त्यात वीस-बावीस जणांचं भागवायचं. एकट्याने १ कोटी १० लाख घेतले, तर उरलेल्यात बाकीचे. म्हणजे मोठ्याचा आकडा ठरेपर्यंत धाकट्यांचे आकडेही नीट ठरत नाहीत. एका वर्षाच्या करारावर खेळणाऱ्या, घर भाड्याने घ्यावं की विकत या विचारात असलेल्या खेळाडूने काय करायचं? वाट पाहायची. खेळ संपल्यावर वार्ताहर त्यालाही विचारणार ते त्या बड्या खेळाडूबद्दलच!

न्यूयॉर्क आयलंडर्स या संघाची गोष्ट पाहा. जॉन टॅव्हारेस हा त्यांचा कर्णधार. २००९मध्ये नव्या खेळाडूंच्या निवडीत पहिल्या क्रमांकावर घेतलेला. त्याचा करार २०१८च्या जूनअखेर संपणार होता. २०१७-१८चा अख्खा हंगाम ‘राहणार की जाणार’ यातच गेला. फेब्रुवारीत खेळाडूंच्या अदलाबदलीची मुदत संपली, तरी संघाने त्याला सोडलं नाही. आशा होती ना! गंमत अशी, की टॅव्हारेस स्वतः उत्तम खेळला. ८२ सामन्यांत ३७ गोल केले. मॅथ्यू बार्झल या नवख्यानेही कमाल केली. तरीही संघ बाद फेरीत पोहोचला नाही, आणि त्या वर्षी लीगमध्ये सर्वांत जास्त गोल खाल्ले ते याच संघाने.

सगळं खापर कराराच्या माथी मारता येणार नाही. गोलरक्षण ढिसाळ होतं, बचाव विस्कळीत होता. पण बचाव हे हॉकीतलं बिनकौतुकाचं काम. दुसऱ्यासाठी मागे धावत यायचं, अंगावर पक झेलायचा. पुढच्या वर्षी हा संघ कसा असेल हेच जिथे कुणाला ठाऊक नाही, तिथे हे काम पहिल्यांदा ढिलं पडतं, असं मला वाटतं.

१ जुलै २०१८ रोजी टॅव्हारेस टोरांटो मेपल लीफ्सकडे गेला. सात वर्षांचे ७ कोटी ७० लाख डॉलर. आयलंडर्सच्या हाती काहीही आलं नाही. हा संघ आता बुडाला, असंच बहुतेकांना वाटलं. आणि झालं काय? नवे प्रशिक्षक बॅरी ट्रॉट्झ आले. (हेही कराराच्या वादातूनच, वॉशिंग्टनला स्टॅनले कप जिंकून देऊन मग बाहेर पडलेले.) ८० गुणांवरून संघ १०३ गुणांवर गेला. सर्वांत जास्त गोल खाणारा संघ सर्वांत कमी गोल खाणारा झाला. २८ फेब्रुवारी २०१९ रोजी टॅव्हारेस जुन्या मैदानावर आला, तेव्हा प्रेक्षकांनी त्याची यथेच्छ हुर्यो उडवली आणि आयलंडर्सनी सामना ६-१ असा जिंकला. श्रेय ट्रॉट्झ यांच्या शिस्तीला द्यायलाच हवं. पण ती शिस्त ज्यांच्या गळी उतरली, त्यांना आता कुणाची वाट पाहायची नव्हती.

त्याच टोरांटोत त्याच सुमारास विल्यम नायलँडरचं घोंगडं भिजत पडलं होतं. १ डिसेंबर २०१८ला संध्याकाळी पाचपर्यंत सही झाली नसती, तर त्याला तो हंगाम खेळताच आला नसता. सही झाली ती शेवटच्या काही मिनिटांत. २८ सामने हुकले होते. आधीच्या दोन्ही हंगामांत मिळून ४२ गोल करणाऱ्या या खेळाडूने उरलेल्या ५४ सामन्यांत केले अवघे सात.

मग वाट न पाहता तोडून टाकावं का? कोलोरॅडो संघाने जानेवारी २०२५मध्ये तेच केलं. मिक्को रँटानेनशी बोलणी जुळेनात, म्हणून त्याला कॅरोलायनाला देऊन टाकलं. वर्षानुवर्षं एकत्र खेळलेले सहकारी एका रात्रीत दुरावले. कॅरोलायनाशीही त्याचं जमलं नाही. मार्चमध्ये तो डॅलसला गेला आणि तिथे आठ वर्षांच्या करारावर सही केली. बाद फेरीच्या पहिल्याच टप्प्यात डॅलससमोर आला कोलोरॅडो. ३ मे २०२५, सातवा आणि निर्णायक सामना. शेवटच्या सत्रात कोलोरॅडो २-० असा पुढे होता. रँटानेनने त्या एकाच सत्रात तीन गोल मारले आणि आपल्या जुन्या संघाला घरी पाठवलं.